पैशाचें कार्ड आणि घराचा इतिहास

महोत्सवाचें वर्ष आलें म्हणजे धर्मग्रामाच्या कपाटांतील जुन्या नोंदवह्या बाहेर निघतात. बाप्तिस्मा, विवाह व दफन ह्यांच्या त्या नोंदींवरून कोण केव्हां जन्मला, कोणाचें लग्न कोणाशीं लागलें आणि कोण केव्हां देवाघरीं गेला, हें निश्चयानें सांगतां येतें. परंतु जन्म आणि मरण ह्यांच्या मधल्या काळांत त्या माणसानें काय केलें, तो कोठें चाकरीस होता, घरीं पैसे केव्हां पाठवी, आईच्या दुखण्याची वार्ता त्यास किती दिवसांनीं कळली, हें नोंदवही सांगत नाहीं. तें सांगणारा कागद निराळा आहे, व तो आपल्या घरोघरच्या पेट्यांत, माळ्यांवर आणि जुन्या प्रार्थनापुस्तकांच्या पानांत पडून आहे. आम्ही जुन्या टपालाविषयीं, आणि त्यांतही विशेषेंकरून तळहाताएवढ्या उघड्या पोस्टकार्डाविषयीं, बोलत आहों.

जुनीं हस्तलिखित कार्डें व टपालखात्यानें छापलेले इतर कागद जमविण्याचा छंद शंभर-सव्वाशें वर्षांहून अधिक जुना आहे. कित्येकांस तो फुरसतीचा खेळ वाटतो. आमच्या मतें तें इतिहासाचें काम आहे. मात्र तें नीट व्हावयाचें असेल तर कार्ड अखंड राहिलें पाहिजे, तें वाचतां आलें पाहिजे, आणि ज्यानें लिहिलें त्याची लाज राखून तें वाचलें गेलें पाहिजे. एवढेंच ह्या लेखांत सांगावयाचें आहे.

प्रथम शब्दांचा अर्थ स्पष्ट करणें बरें. ज्या कागदावर हशिलाचें तिकीट सरकारी छापखान्यांतूनच छापून येतें, तो टपालखात्याचा लेखनकागद होय. पोस्टकार्ड, छापील तिकिटाचें पाकीट, रजिस्टर पाकीट, उत्तराचें जोडकार्ड, अंतर्देशीय पत्र, हवाई पत्र हीं सर्व ह्याच वर्गांत येतात. चित्राचें कार्ड बहुधा खासगी छापखान्याचें असतें, व त्यावर तिकीट आपण चिकटवावयाचें असतें. संग्राहक ह्या दोहोंत भेद करतात. पुढील मजकुरांत वाचकांनीं तो ध्यानांत ठेवावा.

कार्डाचा जन्म

इंग्लंडांत १८४० पूर्वीं पत्राचें हशील अंतरावर व कागदांच्या संख्येवर आकारीत, आणि तें बहुधा पत्र घेणाऱ्यानें द्यावयाचें असे. रोलंड हिल ह्यांच्या सुधारणेनें त्या वर्षीं अर्ध्या औंसापर्यंतच्या पत्रास देशभर एक पेनी असा सरसकट दर झाला. 'पेनी ब्लॅक' ह्या सुप्रसिद्ध तिकिटाबरोबरच मे महिन्यांत छापील पाकिटें व पत्रकागद विक्रीस आले. त्यांवरील चित्र विल्यम मुलरेडी ह्या नामांकित चित्रकाराचें होतें: मध्यें ब्रिटानिया देवता बसलेली, आणि तिचे दूत पृथ्वीच्या चारी दिशांस निघालेले. हिल ह्यांची अपेक्षा अशी होती कीं लोक तिकिटापेक्षां ह्या पाकिटासच अधिक पसंत करतील. झालें उलट. त्या थाटाच्या चित्राची सर्वत्र थट्टा झाली, त्याचीं विडंबनें छापून विकलीं गेलीं, आणि सरकारास तीं पाकिटें लवकरच मागें घ्यावीं लागलीं. हल्लीं तींच हिणवलेलीं पाकिटें संग्राहक मोठ्या जपणुकीनें ठेवतात.

पोस्टकार्डाची कल्पना प्रथम १८६५ सालीं कार्ल्सरूह येथील टपाल-परिषदेंत हाइनरिख फॉन स्टेफान ह्या प्रशियन अधिकाऱ्यानें मांडली. चार ओळींच्या निरोपासाठीं कागद, घडी, पाकीट आणि लाख इतका खटाटोप कशाला, असा त्याचा प्रश्न होता. परंतु त्या वेळीं ती कल्पना कोणीं उचलली नाहीं. पुढें १८६९ च्या जानेवारींत एमान्युएल हेरमान ह्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकानें व्हिएन्नाच्या एका वर्तमानपत्रांत तशीच सूचना केली, आणि १ ऑक्टोबर १८६९ रोजीं ऑस्ट्रिया-हंगेरीच्या टपालखात्यानें जगांतील पहिलें सरकारी पोस्टकार्ड विक्रीस काढलें. बरोबर एका वर्षानें इंग्लंडांत अर्ध्या पेनीचें कार्ड निघालें, आणि पहिल्या वर्षांतच त्याचा खप सात कोटींवर गेला.

ह्या उघड्या पत्रावर आक्षेप पुष्कळ आले. नोकरचाकर मजकूर वाचतील, टपालवाला वाचील, घरचीं गुह्यें चव्हाट्यावर येतील. शिवाय असा स्वस्त तुकडा धाडणें म्हणजे घेणाऱ्याचा अपमान होय, असें प्रतिष्ठित मंडळींचें म्हणणें होतें. गरिबांनीं हे आक्षेप मनावर घेतले नाहींत. "सुखरूप पोंचलों", "पैसे पाठवितों", "आईस बरें वाटतें काय तें कळवावें" ह्या मजकुरांत लपविण्याजोगें फारसें कांहीं नव्हतें, आणि तो आजवर मनांतच राहत आला होता, कारण तो धाडण्यास पैसा नव्हता.

हिंदुस्थानांतील पाव आणा

आपल्या देशांत हा फरक किती मोठा होता, तें आंकड्यांनींच पाहावें. १८५४ पूर्वीं मुंबईहून कलकत्त्यास १ तोळा वजनाचें पत्र धाडावयाचें तर १ रुपया पडे. १८५२ सालीं सिंधचे कमिशनर बार्टल फ्रियर ह्यांनीं आपल्या प्रांतापुरतीं 'सिंध डाक' नांवाचीं अर्ध्या आण्याचीं तिकिटें काढलीं. आशिया खंडांतील तीं पहिलीं चिकट तिकिटें होत. १ ऑक्टोबर १८५४ पासून साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानास एकच दर लागूं झाला: पाव तोळ्याच्या पत्रास, अंतर कितीही असो, अर्धा आणा. आणि १ जुलै १८७९ रोजीं पाव आण्याचें पोस्टकार्ड निघालें. पाव आणा म्हणजे एक पैसा. ज्या रुपयांत पूर्वीं एक पत्र कलकत्त्यास जात असे, त्याच रुपयांत आतां ६४ कार्डें देशाच्या वाटेल त्या टोंकास जाऊं लागलीं.

हीं पहिलीं कार्डें लंडनच्या डे ला रू कंपनीनें तांबूस-तपकिरी रंगांत छापिलीं. माथ्यावर 'ईस्ट इंडिया पोस्ट कार्ड' अशीं इंग्रजी अक्षरें, उजव्या कोपऱ्यांत व्हिक्टोरिया राणीचें मुख, आणि ह्या बाजूस पत्त्याशिवाय कांहीं लिहूं नये असा छापील हुकूम. त्याच दिवसांत परदेशासाठीं दीड आण्याचें कार्डही निघालें, कारण हिंदुस्थान १८७६ सालींच जागतिक टपाल संघांत सामील झाला होता. लगेच १८८० सालीं टपालखात्यानें मनिऑर्डरीचें काम आपल्या हातीं घेतलें. एका पैशाचें कार्ड आणि मनिऑर्डर हीं दोन्हीं एका पाठोपाठ आलीं, हा योग फार महत्त्वाचा आहे. मुंबईच्या गिरण्यांत, गोदींत व आगबोटींवर राबणारा कोंकणचा माणूस आतां कमाई घरीं धाडूं शकला, आणि ती पोंचली किंवा नाहीं हें चार दिवसांत जाणूं शकला. ज्यास लिहितां येत नसे तो मुंबईच्या मोठ्या पोस्टाजवळ बसणाऱ्या पत्रलेखकाकडे जाई. म्हणून पुष्कळ जुन्या कार्डांवरील अक्षर एकाचें आणि मन दुसऱ्याचें आहे. संग्राहकानें हें विसरूं नये.

कार्ड कसें वाचावें

जुनें कार्ड हातीं आलें म्हणजे बहुतेक लोक एकदम मजकुराकडे वळतात, व अक्षर लागलें नाहीं म्हणजे तें खालीं ठेवतात. वास्तविक तारीख नसलेलें वा न लागणारें कार्डही पुष्कळ बोलतें. प्रथम पाहावा तो तिकिटावरील मुखवटा. व्हिक्टोरिया राणी असेल तर तें कार्ड १८७९ ते १९०१ ह्या काळच्या छपाईचें. सातवा एडवर्ड असेल तर त्याच्या १९१० पर्यंतच्या कारकीर्दीचें. पांचवा जॉर्ज असेल तर १९३६ पर्यंतच्या. आणि सहावा जॉर्ज असेल तर त्यापुढचें. एका राजाचीं उरलेलीं कार्डें पुढच्या राजाच्या राज्यांतही कांहीं दिवस खपत, हें मात्र लक्षांत ठेवावें.

नंतर दर पाहावा. पाव आण्याचा दर १९२२ पर्यंत टिकला. त्या वर्षीं तो दुप्पट होऊन अर्धा आणा झाला, आणि १९३१ च्या अखेरीस ९ पै, म्हणजे पाऊण आणा, झाला. घरांत जुन्या दराचें कार्ड शिल्लक असलें तर काटकसरी माणूस तें टाकून देत नसे. वरून कमी पडणारें तिकीट चिकटवून तेंच वापरी. असें कार्ड दोन दरांचा साक्षीदार असतें, व संग्राहक तें विशेष आवडीनें ठेवतात. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणें आलें, तेव्हां आणे व पै जाऊन नये पैसे आले. वाघाचें मुख छापलेलें १५ पैशांचें कार्ड आपल्यांतील कित्येकांनीं स्वतः लिहिलें असेल. पत्त्यांत सहा आंकड्यांचा पिनकोड असेल तर तें कार्ड १५ ऑगस्ट १९७२ नंतरचें समजावें. ती योजना आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ असून संस्कृतचे कवि म्हणूनही ख्यात होते.

तिसरी गोष्ट टपालाच्या शिक्क्यांची. जुन्या कार्डावर बहुधा दोन शिक्के असतात: एक निघालेल्या गांवचा, दुसरा पोंचलेल्या गांवचा. दोहोंच्या तारखा जुळविल्या कीं पत्रास किती दिवस लागले तें कळतें. आगगाडीच्या डब्यांत वर्गीकरण झालेल्या टपालावर रेल्वेच्या टपालसेवेचा शिक्का सांपडतो. तिकीट कमी लावलेलें पत्र 'नॉटपेड' होऊन येई, व घेणाऱ्यास कमी पडलेल्या रकमेच्या दुपटीनें दंड भरावा लागे. तसलें कार्डही फेकूं नये. दंड भरूनही तें सोडवून घेतलें गेलें, ह्यावरून त्या घरास त्या चार ओळींची किती ओढ होती, तें समजतें.

शेवटीं मजकूर. 'ति.', 'चि.', 'रा. रा.', 'सा. न. वि. वि.' ह्या आरंभाच्या अक्षरांवरूनच लिहिणारा व घेणारा ह्यांचें नातें व वय कळून येतें. हिंदु घरांतील शुभकार्याच्या कार्डास हळद-कुंकू लावलेलें दिसतें. देशाच्या पुष्कळ भागांत मृत्यूची वार्ता सांगणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडीत, म्हणजे अक्षर न येणाऱ्या बाईसही तें हातीं पडतांच दुःख कळे. ख्रिस्ती पत्रांच्या माथ्यावर कित्येकदां लहानसा क्रूस, अथवा येशू, मरिया व योसेफ ह्यांच्या नांवांचीं आद्याक्षरें असत. लिपीही पाहावी. मराठी कार्ड मोडींत किंवा बाळबोधींत, गोव्याच्या ख्रिस्ती घरचें कोंकणी कार्ड रोमी अक्षरांत. एकाच घरांत दोन भाषा व तीन लिप्या आढळल्या तर त्यांत त्या घराच्या स्थलांतराचा इतिहास असतो.

कात्रीचा अपराध

इतकें सर्व एका कार्डांत असतां तें आजवर टिकलें कां नाहीं? वाळवी व पाऊस ह्यांनीं पुष्कळ नेलें. परंतु संग्राहकांनींही थोडें नेलें नाहीं. १८६२ सालीं पॅरिसमध्यें जुस्तें लालिए ह्यानें तिकिटांचा छापील संग्रह-ग्रंथ काढला. त्यांत प्रत्येक तिकिटासाठीं चौकट आंखलेली होती. चौकटीत बसावें म्हणून लोक तिकिटांच्या कडा कापूं लागले, आणि छापील तिकिटाच्या पाकिटांतून व कार्डांतून तेवढा चौकोनच कापून घेऊन बाकीचा कागद टाकूं लागले. शिक्का अर्धा तुटला, पत्ता गेला, मजकूर गेला. हातीं राहिलें तें राणीचें तोंड. एकोणिसाव्या शतकांत युरोपांत व अमेरिकेंत असे कातरलेले चौकोन ढिगांनीं जमविले गेले. पुढें जाणत्या संग्राहकांनीं अखंड पाकीट व अखंड कार्ड ह्यांचाच मान राखला, व हल्लींच्या प्रदर्शनांत टपालखात्याच्या लेखनकागदांस स्वतंत्र वर्ग असतो. तथापि आपल्याकडे मुलांस तिकिटें हवींत म्हणून आजोबांच्या पत्रांस अद्याप कात्री लागते. मुलांस तिकिटांचा नाद अवश्य लावावा. पण घरच्या पत्रांवर कात्री चालवूं देऊं नये.

दुसरा अपराध असाच आहे, व तो बाजारांत घडतो. एका घरचीं दोनशें कार्डें रद्दींतून व्यापाऱ्याच्या हातीं जातात. तो त्यांतील दुर्मिळ शिक्क्याचीं दहा निवडतो, चित्रांचीं वीस वेगळीं करतो, आणि उरलेलीं चिल्लरीनें विकतो. त्या दोनशें कार्डांचा क्रम मिळून एका कुटुंबाची कथा होत होती; सुटें झालेलें कार्ड कोणाचें, तें कळेनासें होतें. म्हणून आमची विनंती अशी कीं जुडगा कधींही फोडूं नये.

कार्डांनीं पाहिलेला काळ

मोठ्या घडामोडी ह्या लहान कागदांवर कशा उमटतात, ह्याचीं दोन-चार उदाहरणें देऊं. १८ फेब्रुवारी १९११ रोजीं अलाहाबादच्या प्रदर्शनाच्या मैदानावरून आंरी पेके ह्या फ्रेंच वैमानिकानें सुमारें ६,५०० पत्रें व कार्डें घेऊन यमुनेपलीकडे नैनीस उड्डाण केलें. विमानानें गेलेलें तें जगांतील पहिलें सरकारी टपाल होय. त्यावर खास शिक्का मारिला होता, व प्रत्येक पत्रामागें जी ६ आण्यांची जादा वर्गणी घेतली ती अलाहाबादच्या होली ट्रिनिटी चर्चशीं संबंध असलेल्या विद्यार्थी-वसतिगृहाच्या इमारतीसाठीं होती. मंदिराच्या वा शाळेच्या कार्यासाठीं घरोघर वर्गणी मागणाऱ्या आपल्या मंडळींस ही हकीकत गोड वाटेल.

पहिल्या महायुद्धांत ब्रिटिश सैन्यांत एक छापील कार्ड वापरीत. त्यावर 'मी खुशाल आहें', 'मला इस्पितळांत दाखल केलें आहे', 'तुमचें पत्र मिळालें' अशा अर्थाचीं वाक्यें छापलेलीं असून शिपायानें नको तीं खोडावयाचीं, तारीख घालून सही करावयाची, आणि अधिक एक शब्द लिहिला तर कार्ड नष्ट केलें जाईल अशी ताकीद होती. फ्रान्समध्यें गेलेल्या हिंदी शिपायांचीं पत्रें तपासण्यास तेथें वेगळी कचेरीच होती. त्या कचेरीनें वरिष्ठांसाठीं काढलेले उतारे लंडन येथें जतन झाले आहेत, व आज हिंदी शिपायाचें मन जाणण्याचें तें एक मुख्य साधन झालें आहे. मूळ पत्रें बहुतेक गेलीं. तपासनिसाचे उतारे उरले. ज्या घरांत एखादें मूळ पत्र अद्याप असेल, त्या घरानें त्याची किंमत ओळखावी.

त्याच युद्धांत अहमदनगरास शत्रुदेशीय नागरिकांची छावणी होती. मुंबई-पुणें मिशनचे जर्मन जेझुइट धर्मगुरु त्या काळांत आपल्या कामावरून दूर केले गेले. त्यांतील कांहीं ह्या नजरकैदेंत होते, व पुढें बहुतेकांस मायदेशीं धाडण्यांत आलें. अहमदनगरच्या छावणीचीं, तपासनिसाच्या शिक्क्याचीं कार्डें आज देशोदेशींच्या संग्रहांत आहेत. दुसऱ्या महायुद्धांत आफ्रिकेंत पकडलेले हजारों इटालियन सैनिक डेहराडून, यौल, भोपाळ, बंगलोर इत्यादि ठिकाणच्या छावण्यांत आणले गेले, आणि त्यांच्या कुटुंबांशीं त्यांचा दुवा जोडण्याचें काम पोप बारावे पायस ह्यांच्या आज्ञेनें १९३९ सालीं स्थापन झालेल्या व्हॅटिकनच्या माहिती-कचेरीनें १९४७ पर्यंत केलें. त्या कचेरीचे छापील निरोपपत्र म्हणजे केवळ थोडके शब्द. पण तेवढ्यानें मुलगा जिवंत आहे हें आईस कळे.

गोमंतकाचें टपाल हा आणखी एक निराळा विषय आहे. पोर्तुगीज हिंदुस्थानचीं तिकिटें १८७१ पासून निघूं लागलीं, आणि त्या काळच्या कांहीं पत्रांवर गोव्याचें व ब्रिटिश हिंदुस्थानचें अशीं दोन्ही राज्यांचीं तिकिटें शेजारीं शेजारीं दिसतात, कारण पत्रास सरहद्द ओलांडावी लागे. १९३१ सालीं संत फ्रान्सिस झेवियर ह्यांच्या पवित्र अवशेषांच्या दर्शनसोहळ्यानिमित्त गोव्यांत खास तिकिटें निघालीं. मुंबई, कराची व पूर्व आफ्रिका येथें चाकरीस गेलेल्या गोवेकरांच्या घरीं दोन-तीन राज्यांचें टपाल एकाच पेटींत सांपडतें, तें ह्याच कारणानें. डिसेंबर १९६१ मध्यें गोवा मुक्त झाला व तें टपाल इतिहासजमा झालें. मराठवाड्यांतही असेंच दुहेरी जग होतें: निजामाच्या राज्याचें टपाल वेगळें, त्याच्या जुन्या तिकिटांवर फारसी, इंग्रजी व तेलुगू ह्यांबरोबर मराठी अक्षरेंही असत, तें खातें १९५० सालीं बंद झालें.

आणि मुंबईकरांस जवळची एक आठवण: १९६४ च्या डिसेंबरांत मुंबईस आंतरराष्ट्रीय युखरिस्त-परिषद भरली व पोप सहावे पॉल येथें आले. त्या निमित्तानें २ डिसेंबर रोजीं भारत सरकारनें संत थॉमस ह्यांचें तिकीट काढलें. त्या आठवड्याच्या शिक्क्याचें, कोणा आजीनें गांवीं लिहिलेलें साधें कार्ड जर कोणाच्या घरीं निघालें, तर तें ह्या महोत्सवाच्या प्रदर्शनांत मानानें ठेवण्याजोगें आहे.

चित्रांच्या कार्डांविषयीं दोन शब्द. राजा रविवर्मा ह्यांनीं १८९४ सालीं मुंबईस सुरू केलेल्या, व पुढें लोणावळ्याजवळ मळवली येथें नेलेल्या छापखान्यानें देवादिकांच्या चित्रांबरोबर पोस्टकार्डेंही छापिलीं. जे. जे. कलाशाळेचे चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर ह्यांनीं मुंबईच्या रस्त्यावरील माणसांचीं चित्रें कार्डांसाठीं काढलीं. हीं कार्डें आतां चढ्या किमतीस जातात. परंतु चित्र पाहणारे पुष्कळ, पाठ वाचणारे थोडे. कोणीं कोणास कां लिहिलें, हें पाठीवरच असतें.

मोडी वाचणारे कोठें आहेत?

येथें खरी निकड आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत मराठी माणसाचा रोजचा हात मोडीचा होता. बाळबोध पोथीसाठीं व छापण्यासाठीं. शतकाच्या मध्यास शाळांतून मोडी गेली. ज्यांनीं ती शाळेंत गिरविली तीं माणसें आतां फारच थोडीं उरलीं आहेत, आणि त्यांच्याबरोबर घरगुती अक्षर ओळखणारी नजरही चालली आहे. लिपी पुस्तकावरून शिकतां येईल. पण 'धाकटी' म्हणजे कोणती आत्या, 'वाडीचें काम' म्हणजे कोणता तंटा, 'बोटीवरचा' म्हणजे कोणता मामा, हें घरच्या वृद्धासच ठाऊक. तें माणूस गेलें म्हणजे अक्षर लागूनही अर्थ लागत नाहीं.

ह्या कामीं आपल्याच प्रांतांत थोर उदाहरण आहे. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ह्यांनीं गांवोगांव पायपीट करून, लोकांच्या माळ्यांवरचे व रद्दीचे कागद तपासून 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' हे २२ खंड सिद्ध केले. पहिला खंड १८९८ सालीं निघाला. १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें. सरदारांच्या व पेशव्यांच्या कागदांस राजवाडे भेटले. गिरणीकामगार, खलाशी, आया, बबर्ची, शिक्षक व शेतकरी ह्यांच्या कार्डांस मात्र कोणी भेटलें नाहीं, आणि १८९६ चा प्लेग, १९१८ चा इन्फ्लुएंझा, दोन महायुद्धें हीं ह्याच माणसांनीं सोसलीं. त्यांचा राजवाडे त्यांच्या घरांतूनच निघाला पाहिजे. महाराष्ट्र शासनाच्या पुराभिलेख खात्यानें मोडीचे वर्ग चालविले आहेत. आपल्या तरुणांपैकीं दोघां-चौघांनीं जरी ती लिपी शिकून घेतली, तरी पुष्कळ काम होईल.

जतन आणि मर्यादा

जतनाचे नियम साधे आहेत. हात कोरडे व स्वच्छ असावेत. कार्ड कोरड्या जागीं, उन्हापासून दूर ठेवावें. फाटलेल्या जागीं चिकटपट्टी लावूं नये, कारण तिचा डिंक पुढें पिवळा पडून अक्षरें खातो. लॅमिनेशन तर मुळींच करूं नये. तें पुन्हां निघत नाहीं. मऊ प्लॅस्टिकच्या स्वस्त पिशव्यांपेक्षां आम्लरहित कागदाची घडी बरी. दोऱ्यानें करकचून बांधूं नये, टांचणी व क्लिप गंजतात म्हणून काढून टाकाव्या. कार्डावर शाईनें कांहीं लिहूं नये. निराळ्या वहींत प्रत्येकास क्रमांक देऊन कोणीं, कोणास, कोठून, केव्हां धाडिलें, व तें आपणांस कोणाकडून मिळालें, एवढें टिपून ठेवावें. छायाचित्र अवश्य घ्यावें. पण छायाचित्र झालें म्हणून मूळ टाकूं नये. कागदाची जात, शाईचा रंग आणि दाबाचे ठसे छायाचित्रांत पुरते उतरत नाहींत.

नियमांपेक्षां मर्यादा अधिक महत्त्वाची. कार्ड उघडें होतें हें खरें. टपालवाल्यानेंही तें वाचलें असेल. तरी तें एकाच माणसासाठीं लिहिलें होतें. कोणाचें कर्ज, कोणाचा आजार, भावाभावांचें वितुष्ट, मुलीच्या सासरचा जाच, असें त्यांत बरेंच असतें, आणि त्यांचीं नातवंडें आज आपल्या शेजारीं मिसेस बसतात. कागद ज्याच्या हातीं आहे त्याची मालकी कागदावर. त्यावरील शब्दांवरील हक्क कायद्यानें लिहिणाऱ्याचा व त्याच्या मागून त्याच्या वारसांचा असतो. तेव्हां छापण्यापूर्वीं वा प्रदर्शनांत मांडण्यापूर्वीं त्या घराची अनुमति घ्यावी. जें वाचून कोणाची मान खालीं जाईल तें जपून ठेवावें, दाखवूं नये. नष्टही करूं नये. पन्नास वर्षांनीं तेंच कोणास करुणेनें वाचतां येईल.

ह्या स्मरणिकेच्या वाचकांपाशीं आमचें मागणें थोडकें आहे. घर मोडून नवी इमारत उठण्यापूर्वीं, पेटी रद्दीवाल्याच्या तराजूंत जाण्यापूर्वीं, एकदां ती उघडावी. कार्डें सुटीं करूं नयेत, कात्री लावूं नये. घरांतील सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसून नांवें विचारून घ्यावीं व तीं त्याच दिवशीं लिहावीं. ज्यांस घरीं ठेवणें शक्य नसेल त्यांनीं सबंध जुडगा, आपल्या नांवानिशीं, योग्य त्या दप्तरखान्यांत द्यावा. धर्मग्रामाच्या नोंदवहींत ज्यांचे जन्म, विवाह व दफन लिहिले आहेत, त्यांचें बोलणें ह्या कार्डांत आहे. तीं एकत्र आलीं तरच पुढच्या महोत्सवास आपला इतिहास लिहिणाऱ्यास आपल्या वाडवडिलांचा शब्द ऐकूं येईल.